सरांची घरफेरी

"काकी, आधी सरांना आत घ्या, पाणी द्या. मग सांगतो," धनपाल अंगणातूनच ओरडला.

त्याच्या मोटरसायकलवर मागं आमचे हे बसले होते. शर्टाची बाही फाटलेली, कोपर सोललेलं, केसांत धुरळा. चेहरा मात्र लग्नाच्या पंगतीला निघाल्यासारखा प्रसन्न. उतरता उतरता मला म्हणाले, "त्रिशला, चंदना आली का गं घरी? गाडी येऊन गेली म्हणतात. चुकामूक झाली बघ आमची."

चंदना आमची एकुलती एक मुलगी. तिला जाऊन तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली होती.

मी त्यांना कॉटवर बसवलं आणि तांब्या हातात दिला. धनपालनं मला बाजूला घेतलं. त्याचं फाट्यावर पंक्चर काढायचं दुकान आहे. आमचं गाव सांगलीच्या रस्त्यापासून आत, त्यामुळं एसटी माणसांना फाट्यावर सोडते आणि पुढं जाते.

"रस्त्याच्या मधोमध उभे होते ओ," तो म्हणाला. "एसटीला हात करत होते. मागनं उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या लावलेला. ड्रायव्हरनं खाली चरीत घातला म्हणून वाचले. मी ओढलं त्यांना, त्यात कोपर फुटलं. आज मी होतो काकी. रोज मी असणार आहे का?"

"नाही रे बाबा. रोज कसा असशील?"

"मग दाराला कुलूप लावा की."

"तू लाव. तुझे सर आहेत ना?"

धनपाल खाली बघायला लागला. या घरात, याच खोलीत सतरंजीवर बसून तो शिकला होता. सरांना कोंडायचं म्हटल्यावर त्याची जीभ अडखळली, आणि माझी अडखळत नव्हती असं थोडंच होतं!

भूपाल चौगुले सर म्हणजे पंचक्रोशीत लक्षात ठेवण्यासाठीच नावाजलेले. शाळा सुटली की आमच्या पुढच्या खोलीत त्यांचा वर्ग भरायचा. स्कॉलरशिपची पोरं, नवोदयची पोरं, आणि गणित बुडालेली तर सगळ्या गावाची. त्या वर्गात ते घरफेरी शिकवायचे. नाव त्यांनीच ठेवलेलं. डोळे मिटायचे, आपल्या घराच्या दारात उभं राहायचं आणि आत फिरायला लागायचं. दार, खुंटी, कोनाडा, कॉट, देव्हारा, शेगडी, मोरी. लक्षात ठेवायची एकेक गोष्ट एकेका जागी ठेवत जायची. नंतर हवी तेव्हा फेरी मारायची आणि उचलून आणायची.

"पण साधी ठेवायची नाही रे," ते पोरांना ओरडून सांगायचे. "मीठ आणायचंय म्हणून खुंटीला मिठाची पिशवी टांगलीस तर संध्याकाळपर्यंत विसरशील. खुंटीला म्हैस टांग! तिच्या डोळ्यांतनं मीठ गळतंय असं बघ! मनाला तमाशा लागतो, शहाणपण त्याला पचत नाही."

मग पोरं खिदळायची, आणि आत भाकऱ्या थापता थापता मी कपाळाला हात लावायची. धनपाल आता चाळिशीला आला, पण अजून सांगतो की शनी म्हटलं की त्याला आमच्या मोरीत कमरेला कडी घालून अंघोळ करणारा माणूस दिसतो.

अशा माणसाला हा रोग व्हावा! मिरजेच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला, भिंतीवरच्या दिव्याला लावला आणि बोटानं दाखवलं, हे इथं आटलंय, हे इथं आटत चाललंय. आमचे हे शांतपणे ऐकत होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "घाबरू नको. घर आहे ना आपल्याकडं? फेरी मारू."

आणि खरंच मारली. सुरुवातीचं ते वर्ष मला आठवतं ते हसूनच. गॅस बंद करायचं लक्षात राहावं म्हणून त्यांनी शेगडीत नाग बसवला. गोळ्यांसाठी कोनाड्यातल्या आपल्या वडिलांच्या फोटोला ते मनातल्या मनात रोज मिशा काढायचे. आमच्या जैनांत सूर्य मावळायच्या आत जेवतात, तर जेवणाची आठवण म्हणून त्यांनी देव्हाऱ्याच्या वर लालभडक सूर्य टांगला आणि त्याला उचकी लावली. दुकानातून तूरडाळ आणायची असली की माझ्या डोक्यावर पोतं.

"जन्मभर तुमचं घर सांभाळलं," मी म्हणायची, "आता डाळीचं पोतंही मीच उचलायचं?"

"तू दिसतेस ना सगळ्या खोल्यांत. तुझ्याइतकी चांगली खुंटी कुठं मिळणार?"

एक जागा मात्र त्यांनी रिकामी ठेवली होती. वर्गात ते नेहमी सांगायचे की दार ही पहिली जागा, तिथं सगळ्यात जड गोष्ट ठेवायची, कारण बाकीचं घर धुऊन निघालं तरी दारातलं जात नाही. आमच्या दारात त्यांनी काहीच ठेवलं नव्हतं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "असू दे. लागेल."

पुढं पुढं रोग वाढला तसं एक ठरून गेलं. सकाळी ते जवळजवळ पहिल्यासारखे असायचे. पेपर वाचायचे, माझ्या चहाला नावं ठेवायचे. दुपार व्हायला लागली की डोळ्यांवर काहीतरी उतरायचं, आणि ताटावरून उठले की चपला शोधायला लागायचे.

"कुठं निघालात?"

"फाट्यावर. चंदना येईल ना."

चंदना सांगलीला कॉलेजात होती. संध्याकाळच्या गाडीनं परत यायची आणि हे स्कूटर घेऊन तिला आणायला जायचे, एक दिवस चुकायचे नाहीत. आता निघायचे ते मात्र भर दुपारी. संध्याकाळची गाडी आणि दुपारी निघतात, हा रोगाचाच गोंधळ असं मी धरून चालले.

पहिल्यांदा मी खरं सांगितलं. "अहो, चंदना गेली आपली." त्यांनी चपला तशाच हातात धरल्या आणि विचारलं, "कुठं?" मग मला सगळं सांगावं लागलं. ओढ्याचं वळण, उसाची ट्रॉली, सांगलीचा सरकारी दवाखाना. ऐकताना त्यांचं तोंड ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशीसारखंच झालं. तसेच भिंतीला टेकून खाली बसले, तसाच आवाज काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा चपला. पुन्हा मी सांगितलं, पुन्हा ते भिंतीला टेकले. माणसाला एका मुलीचं मरण एकदा सोसवत नाही, आणि मी ते त्यांना रोज ताजं वाढत होते. माझंही रोजच होत होतं, पण माझ्याकडं बघायला कुणाला वेळ होता?

मग मी खोटं बोलायला लागले. आज मैत्रिणीकडं राहिलीय. परीक्षा आहे. गाड्या बंद आहेत. काही दिवस चाललं. ऐकायचे, चपला काढायचे, कॉटवर पडायचे. पण खोट्याला रोज नवं शेपूट लावावं लागतं, आणि ते शेवटी शिक्षक होते. "कुठली मैत्रीण? नाव काय? मला विचारल्याशिवाय कशी राहिली?" असं करत करत एक दिवस मी मागं भांडी घासत असताना ते निघून गेले, आणि धनपालच्या मोटरसायकलवर परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीला जाताना त्यांनी कोपर बघितलं.

"हे काय गं?"

मला खोटं बोलायचा कंटाळा आला होता. खरं सांगितलं. फाटा, एसटी, ट्रॉली, धनपाल. आणि ते कुणाला आणायला जातात तेही.

सकाळ होती म्हणून त्यांना कळलं. स्टुलावर बसले, टॉवेल मांडीवर घेतला. मग म्हणाले, "मला रोज सांगतेस तू?"

"सांगायची. आता खोटं बोलते."

"रोज..." ते माझ्याकडं बघत राहिले. "त्रिशला, हे बंद करू या. आपणच करू."

"कसं?"

ते उठले, तसेच उघड्या अंगानं पुढच्या खोलीत गेले आणि दाराजवळ जाऊन उभे राहिले. "मी बाहेर जातो तो इथनंच ना? मग इथंच ठेवू. चंदनाला इथं ठेवू."

मला आधी काही उमजलंच नाही. मग उमजलं. त्यांना तिचं प्रेत दारात मांडायचं होतं. म्हैस टांगावी, नाग बसवावा, तसं. दुपारी चपला घालून दारापर्यंत आले की दारात ती आडवी पडलेली दिसेल, आपण तिच्यावर पाय देणार नाही, आपोआप थांबू, असा त्यांचा हिशेब.

"डोकं फिरलंय तुमचं," मी म्हणाले. "दारातनं मीही जाते-येते. देवाला जायचं ते याच दारातनं. आणि तुम्हाला रोज ते बघायचंय? आता तरी संध्याकाळपर्यंत विसरता. तेवढी एक सुटका देवानं दिलीय तुम्हाला, तीही नको?"

"नको."

"का नको?"

ते कोनाड्यापाशी गेले, वडिलांच्या फोटोकडं बघितलं, पुन्हा दाराशी आले. वर्गात अवघड गणित सांगायच्या आधी असेच येरझाऱ्या घालायचे.

"चित्र कधी टिकतं, सांगितलंय ना मी?" ते म्हणाले. "तमाशा असला तर टिकतं. नाहीतर खरं असलं तर. हिचा तमाशा करायचा नाही मला. खरं ठेवायचं. पण मग पूर्ण खरं ठेवायला पाहिजे, आणि तुला ते ठाऊक नाही."

"मला ठाऊक नाही असं काय आहे?"

"त्या दिवशी ती मला सांगून गेली होती."

त्यांनी दाराच्या कडीवर हात ठेवला.

"सकाळी निघताना. मी स्कूटर पुसत होतो. 'अण्णा, आज शेवटचे तास नाहीत, दुपारच्या गाडीनं येते, या बरं का,' म्हणाली. मी हो म्हटलं."

चंदना गेली त्या दिवसाबद्दल आमच्या घरात, भावकीत, सगळ्या गावात एकच गोष्ट सांगितली जायची. कॉलेज अचानक लवकर सुटलं, पोरगी न कळवता दुपारच्या गाडीनं आली, वडिलांना कल्पना नव्हती, म्हणून एकटी चालत निघाली आणि ओढ्याच्या वळणावर ट्रॉलीखाली सापडली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आमचे हे याच खोलीत बसून सांगायचे, "कळवलं असतं तर मी गेलो नसतो का हो?" आणि लोक म्हणायचे, "खरंय सर, खरंय."

"मग का गेला नाहीत?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"तालुक्याचे साहेब आले होते शाळेत. घरफेरी बघायला. पोरांनी शंभर शब्द फळ्यावर लिहिले. मी फळ्याकडं पाठ करून उभा राहिलो आणि सगळे म्हणून दाखवले. मग उलटे म्हणून दाखवले. टाळ्या पडल्या. साहेबांनी हार घातला, चहा झाला. तो हार गळ्यात होता तेव्हा निरोप आला."

खाली मान घालून उभे होते ते. पोटावरची कातडी सैल पडलेली, कोपराला धनपालनं बांधलेली पट्टी. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. मला सुचलं ते वेगळंच. इतकी वर्षं मी त्या पोरीला मनातल्या मनात रागे भरत होते. तिचा फोटो पुसताना, तिच्या परकराच्या घड्या उलगडताना, देवळात बसल्यावर सुद्धा. एवढी कसली घाई होती तुला? एक शब्द सांगून जायला काय झालं होतं? शहाणी म्हणवायचीस ना? मेलेल्या लेकीशी मी जन्मभराचं भांडण मांडून बसले होते, आणि तिनं तर सांगितलं होतं. सांगून गेली होती, आणि वाट बघत उभी राहिली होती.

मी स्वयंपाकघरात निघून गेले. तव्यावर भाकरी होती, ती करपून काळी झाली होती. मी ती उलटली, पुन्हा उलटली, आणि मग तव्यासकट मोरीत टाकली. वाफ आली, ठणठणाट झाला. ते आत आले नाहीत.

बऱ्याच वेळानं मी बाहेर आले तेव्हा ते तिथंच दाराशी होते. ऊन उंबऱ्यावर आलं होतं. थोड्या वेळात त्यांची सकाळ संपणार होती.

"ठेवा," मी म्हणाले. "इथंच ठेवा. आणि नीट ठेवा."

त्यांनी मान हलवली. डोळे मिटले. "डोकं देव्हाऱ्याकडं, पाय बाहेर," म्हणाले. "अंगावर पांढरी चादर."

"चादर नाही," मी म्हणाले. "तुम्ही तिला चादरीतच बघितलंत. दवाखान्यात कपडे मी बदलले. मी सांगते, तसं ठेवा."

आणि मी सांगितलं. पोपटी रंगाचा ड्रेस, तिनं स्वतः शिवलेला. ओढणी कुठं अडकली होती. उजव्या पायात चप्पल नव्हती. डाव्या हाताची बोटं पुस्तकं धरल्यासारखी वाकलेली, ती मला सरळ करता आली नाहीत. वेणी सुटली नव्हती, घट्ट होती, कारण सकाळी मीच घातली होती. त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ओठ हलत होते. मी सांगायची, ते पुन्हा म्हणायचे. पोपटी ड्रेस. ओढणी. उजवा पाय. वेणी. पोरांकडून घोकून घ्यायचे तसं मी त्यांच्याकडून घोकून घेतलं. एखादं चुकलं की मी म्हणायची, "पुन्हा." ते पुन्हा म्हणायचे.

मला त्यात बरं वाटत होतं. कुणाला हे ऐकून कसं वाटेल ते वाटो.

दुपारी ताटावरून उठले, हात धुतले, चपला घातल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होते. कडी काढली, दार उघडलं, पाय उचलला आणि तसाच हवेत थांबवला. खाली बघितलं. हळूच पाय मागं घेतला. मग चपला काढून हातात घेतल्या आणि तिथंच, दाराच्या आत, जमिनीवर बसले.

"चंदना गेली," ते म्हणाले. मला नव्हे, कुणालाच नाही. भिंतीला टेकले नाहीत की आवाज काढला नाही. त्यांना ते ठाऊक होतं, एवढंच.

त्यांची घरफेरी जिंकली होती. त्या दिवसापासून मला एकदाही सांगावं लागलं नाही. रोज दुपारी दारापर्यंत जायचे, बघायचे, थोडा वेळ बसायचे, उठून आत यायचे. बाहेर पडायचं असलं तर मागच्या दारानं, माझ्या बरोबर. धनपाल येऊन बघून गेला आणि म्हणाला, "सर ते सर! काय केलंत काकी?" मी म्हणाले, "त्यांचं त्यांनीच केलं."

सकाळी जे सांगितलं होतं ते मात्र ते विसरले. त्याच दुपारी विसरले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना नेहमीसारखे म्हणाले, "साखर जास्त पडलीय." मी तोंडाकडं बघत राहिले. दुपारची गाडी, शंभर शब्द, हार, यातलं काही त्यांच्याकडं उरलं नव्हतं. दारातलं चित्र राहिलं, पण ते कशानं झालं ते गेलं. ते आता माझ्या एकटीकडं होतं. भांडायचं म्हटलं तरी समोर माणूस लागतो. मी कुणाशी भांडणार होते?

मग मी काही बोललेच नाही. करायचं ते सगळं केलं. गोळ्या दिल्या, आंघोळ घातली, दिवस मावळायच्या आत ताट वाढलं. पण त्यांच्याजवळ बसायचं मी सोडून दिलं. पूर्वी संध्याकाळी कॉटवर शेजारी बसून शेंगा फोडायची, ते बंद केलं. ते मधूनच शेजारच्या जागेवर हात ठेवायचे आणि माझ्याकडं बघायचे. मी शेंगा घेऊन मागच्या पायरीवर जायची. तिथं बसून चंदनाची माफी मागायची, आणि त्यांना माफ करायचं नाही असं तिला सांगायची.

घर हळूहळू रिकामं होत गेलं. शेगडीतला नाग गेला, गॅस मला मागच्या खोलीत हलवावा लागला. देव्हाऱ्यावरचा सूर्य गेला, दिवस कधी मावळतो ते त्यांना कळेना. वडिलांच्या फोटोकडं बोट दाखवून विचारायला लागले, "हे कोण गृहस्थ?" सकाळीसुद्धा ढग यायला लागले. एक दिवस मी चहा दिला तर कप घेऊन म्हणाले, "बाई, तुम्ही इथं कामाला आहात का?"

"होय," मी म्हणाले.

"फार करता हो तुम्ही."

मी त्यांच्या चित्रांतली खुंटी होते ना? तीही निखळली. मला वाटलं, आता दारातलंही जाईल, आणि खरं सांगायचं तर मला ते जायला नको होतं. त्यांनी ते धरून ठेवावं एवढंच माझं त्यांच्याकडं मागणं उरलं होतं.

त्यांचं शेवटचं वर्ष होतं ते. उन्हाळा होता. चालणं कमी झालं होतं, तरी दुपारी जेवण झालं की भिंतीला धरून धरून उठले आणि दाराकडं गेले. कडी काढता येईना, मी जाऊन काढून दिली. दार उघडलं. त्यांनी खाली बघितलं, आणि नेहमीसारखे खाली बसले नाहीत. मागं वळून माझ्याकडं बघायला लागले, घाबरल्यासारखे.

"बाई, इकडं या जरा. ही कुणाची मुलगी?"

मी उंबऱ्याकडं बघितलं. तिथं काही नव्हतं. फरशीवर ऊन होतं.

"कुठली मुलगी?"

"ही काय. अहो, पाय पोळत असतील तिचे, एका पायात चप्पल नाही." ते वाकायला बघत होते, मी दंडाला धरलं. "पोपटी ड्रेस आहे. वेणी कशी छान घातलीय कुणीतरी. कुणाची आहे हो?"

सगळं जसंच्या तसं होतं. ओढणी, वाकलेली बोटं, मी घोकून घेतलेलं सगळं. एकही चुकलं नव्हतं. फक्त ती कुणाची ते तेवढं गेलं होतं.

"इथं कधीपासून आहे ही?" त्यांनी विचारलं. "हिला न्यायला कुणी आलं नाही का?"

मी त्यांचा दंड धरून उभी होते. नाही आलं, असं माझ्या तोंडाशी आलं होतं. इतके महिने मागच्या पायरीवर बसून मी तेच म्हणत होते. आता विचारणारा समोर उभा होता, काय उत्तर येतं याची वाट बघत, आणि त्याला खरंच त्या अनोळखी पोरीची काळजी लागली होती. डोळे भरून आले होते त्यांचे.

"आलेत," मी म्हणाले. "तिचे वडील आलेत. जरा उशीर झाला त्यांना."

"आलेत?" त्यांचा जीव भांड्यात पडला. मी त्यांना हळूहळू मागं आणलं आणि कॉटवर बसवलं. बसल्यावर पुन्हा दाराकडं बघितलं, मग माझ्याकडं. कपाळाला आठी घातली, वर्गात पोरांवर घालायचे तशी.

"उशीर झाला म्हणून त्यांना बाहेरच उभं केलंय का तुम्ही?"

मी त्यांच्या पाठीशी उशी लावली.

"असं नसतं करायचं बाई. केवढं ऊन आहे. बोलवा त्यांना आत."

मी दारापाशी गेले. अंगण रिकामं होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी पदर सारखा केला आणि मोठ्यानं म्हणाले, "या. आत या, बसा."

मागं वळून बघितलं तर हे कॉटवर जरासे सरकले होते आणि पाहुण्यासाठी शेजारची जागा तळहातानं झटकत होते. मी जाऊन तिथं बसले.